दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ: एक वर्गप्रकल्प, पहिल्या रेखाटनापासून छापील कागदापर्यंत

डिजिटल चित्रकला आणि ग्राफिक डिझाइन हे विषय बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या तासिकांना, अनेकदा वेगवेगळ्या शिक्षकांकडून शिकवले जातात. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात एक क्रम पक्का बसतो, की आधी चित्र पूर्ण करायचे आणि मग उरलेल्या जागेत अक्षरे बसवायची. वर्गात दरवर्षी चाळीसेक प्रकल्प तपासताना मला हाच दोष सर्वाधिक वेळा दिसतो. चित्र चांगले असते, अक्षरही वाईट नसते, पण दोघांची आधी कधी भेटच झालेली नसते. हा दोष घालवण्यासाठी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखा दुसरा प्रकल्प नाही, असे माझे मत आहे, कारण त्यात चित्र, शीर्षकाची अक्षरे, आतल्या पानांची मांडणी आणि छपाई हे सगळे एकाच वस्तूत येते. शिवाय ही वस्तू आपल्या घरातली आहे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा विद्यार्थ्याला परकी नसते.

पुढील मार्गदर्शन साधारण सहा आठवड्यांच्या प्रकल्पासाठी आहे. एक मुखपृष्ठ, कणा (अंक उभा ठेवल्यावर दिसणारी बांधणीची कड), मलपृष्ठ आणि आतली दोन समोरासमोरची पाने एवढे काम त्यात अपेक्षित आहे. नमुन्यासाठी आपण ‘ओसरी’ हे काल्पनिक अंकाचे नाव घेऊ आणि विषय घेऊ दिवाळीत मुले अंगणात बांधतात तो मातीचा किल्ला.

आधी अंक हातात घ्यावा

संगणक सुरू करण्यापूर्वी घरातले, ग्रंथालयातले किंवा रद्दीच्या दुकानातले आठ-दहा दिवाळी अंक गोळा करावेत आणि मोजपट्टी घेऊन बसावे. अंकाची रुंदी, उंची, कण्याची जाडी, शीर्षक पानाचा किती भाग व्यापते, वर्ष आणि किंमत कुठे आहे, कडेपासून अक्षरे किती आत आहेत, या सगळ्याची नोंद वहीत करावी. पडद्यावर पाहिलेल्या मुखपृष्ठावरून यांतले काहीही कळत नाही.

जुने अंक मिळाले तर ते अवश्य पाहावेत. चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला आणि त्याची मुखपृष्ठे स्वतः रंगवली. त्यांच्या चित्रात शीर्षकासाठी वरची जागा पहिल्यापासूनच मोकळी आणि शांत ठेवलेली दिसते, आकृतीची मान किंवा हात शीर्षकाच्या दिशेने वळलेला असतो. अक्षरांसाठी कमल शेडगे यांचे काम पाहावे. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी त्यांनी केलेल्या अक्षरलेखनात नाटकाचा स्वभाव नावाच्या वळणातच उतरलेला असतो, त्याला शेजारी चित्राची गरज पडत नाही. या दोघांची नक्कल करायची नाही. त्यांनी जागेचा विचार कसा केला, एवढेच त्यांच्याकडून घ्यायचे आहे.

विषयाचे निरीक्षण

नऊवारीतली स्त्री, हातात पणती आणि मागे आकाशकंदील हे चित्र डोळे मिटूनही काढता येते, आणि म्हणूनच विद्यार्थ्याने ते पहिल्या प्रकल्पात टाळावे. पाठ असलेले चित्र काढताना आपण पाहणे थांबवतो. किल्ला निवडण्याचे कारण हे, की तो प्रत्येकाने पाहिलेला असतो, तरी त्याचे पाठ झालेले चित्र कुणाकडे नसते.

प्रकल्प दिवाळीच्या आसपास नसेल तर जुन्या परातीत किंवा खोक्याच्या झाकणात वीतभर उंचीचा किल्ला करावा. दगड रचून त्यावर गोणपाट टाकावे, चाळलेल्या लाल मातीचा चिखल थापावा आणि वर हळीव किंवा मोहरी पेरून पाणी शिंपडत राहावे. आठवड्याभरात हिरवळ येते. मग रात्री खोलीतला दिवा बंद करून किल्ल्याच्या पायथ्याशी एक पणती ठेवावी आणि अर्धा तास केवळ पाहावे. हिरवळ त्या उजेडात हिरवी राहत नाही. ज्योतीजवळच्या पात्यांची टोके पिवळी, जवळजवळ हळदीच्या रंगाची दिसतात, मुळाशी गडद तपकिरी अंधार असतो आणि ज्योतीपासून हातभर दूर गेल्यावर हिरवा रंग ओळखूही येत नाही. मातीच्या मावळ्याची सावली जमिनीवर पसरत नाही, कारण उजेड खालून येतो. ती उतारावरून वर चढते आणि जितकी वर जाते तितकी तिची कड विरघळत जाते. वाळलेल्या चिखलाला पडलेल्या बारीक भेगा खालच्या उजेडात स्पष्ट दिसतात, दिवसा त्या लक्षातही येत नाहीत. या चार गोष्टी संदर्भासाठी उतरवलेल्या शंभर छायाचित्रांपेक्षा अधिक उपयोगाच्या आहेत.

मोबाइलने छायाचित्रे घ्यावीत, परंतु पांढऱ्या रंगाचा समतोल स्वयंचलित ठेवू नये. मोबाइल पणतीचा नारिंगीपणा दोष समजून काढून टाकतो आणि चित्र निस्तेज होते. ही सोय कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ पर्यायात मिळते. छायाचित्रांबरोबर पेन्सिलीने पाच-सहा रेखाटनेही करावीत, त्यांच्या बाजूला रंगांची नोंद शब्दांत लिहावी.

काड्यापेटीएवढी रेखाटने

तीन सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर उंच असे वीस चौकोन वहीच्या पानावर आखावेत. प्रत्येक चौकोनात शीर्षक आणि चित्र दोन्ही असलीच पाहिजेत. शीर्षक वाचता येणे आवश्यक नाही, पण ‘ओसरी’ या शब्दाचा एकूण ठसा, त्याचे वजन आणि जागा तिथे दिसली पाहिजे. ज्या रेखाटनात शीर्षक नाही, ते मी मोजत नाही. वर्गात यावर विद्यार्थी थोडे रुसतात, पण या एका नियमाने पुढचे बरेच कष्ट वाचतात.

पहिली सात-आठ रेखाटने नेहमीच्या मांडणीची होतील. त्यानंतर हात अडतो आणि तिथेच खरे काम सुरू होते. किल्ला पुष्कळ खालून, मुंगीच्या नजरेतून पाहिला तर बुरूज शीर्षकापर्यंत चढतो. वरून पाहिला तर किल्ला, रांगोळी आणि चपलांचे जोड एकाच अंगणात येतात. किल्ला चित्रात अर्धाच घेतला तर उरलेला भाग कण्यावरून मलपृष्ठावर नेता येतो. वीसपैकी तीन निवडावीत आणि ती काळा, मधला करडा आणि पांढरा अशा तीनच छटांत पुन्हा करावीत. या तीन छटांत जे चित्र कळत नाही, ते रंग भरल्यावरही कळणार नाही.

फाइलची मापे

आपल्या अंकाचा आकार १८ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच धरू. कागद कापताना पाते मिलिमीटरभर इकडेतिकडे होते, म्हणून चित्र चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त काढावे लागते. या वाढीव भागाला ब्लीड म्हणतात. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ मिळून एकच सलग कागद असतो, म्हणून फाइलही एकच करावी. अंक २०० पानांचा असेल तर आत १०० कागद होतात. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर कणा १० मिलिमीटरचा होतो. म्हणजे एकूण रुंदी १८ अधिक १ अधिक १८ सेंटिमीटर, आणि दोन्ही बाजूंचे ब्लीड धरून ३७.६ सेंटिमीटर. उंची ब्लीडसह २४.६ सेंटिमीटर. ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, हे माप ४,४४१ गुणिले २,९०६ पिक्सेल होते. लहान फाइलवर काम करून शेवटी ती मोठी केली तर ब्रशच्या कडा धूसर होतात, म्हणून सुरुवातच या मापाने करावी. कोणतेही अक्षर कापण्याच्या रेषेपासून किमान ५ मिलिमीटर आत असावे आणि कण्यालगत त्याहून थोडे जास्त.

साधनांविषयी फार काळजी करू नये. प्रयोगशाळेत फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन असतील तर उत्तम. नसतील तर चित्रासाठी क्रिता, अक्षरांसाठी इंकस्केप आणि पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस ही तिन्ही विनामूल्य आहेत आणि हा प्रकल्प पूर्ण करण्यास पुरेशी आहेत. पेन टॅब्लेट नसलेल्या विद्यार्थ्याने मोबाइलवर कच्ची रंगयोजना करावी आणि अंतिम काम प्रयोगशाळेत करावे.

शीर्षकाची अक्षरे

शीर्षक फाँटमधून न घेता हाताने घडवावे. देवनागरीची जाडी-बारीकपणा बोरूच्या तिरप्या कापातून आलेला आहे आणि रोमन अक्षरांच्या तुलनेत त्याचा कल उलट्या बाजूला असतो. हे केवळ वाचून समजत नाही. बोरू किंवा तिरपा कापलेला जाड मार्कर घेऊन ‘ओसरी’ हा शब्द शंभर वेळा लिहावा, म्हणजे कुठे रेघ जाड व्हायला हवी आणि कुठे बारीक, हे मनगटाला कळते. ज्यांनी ही पायरी गाळली त्यांच्या अक्षरांत वर्तुळे आणि दांडे असतात, अक्षर नसते.

आता शब्दाकडे जवळून पाहावे. ‘ओ’ची मात्रा शिरोरेषेच्या वर जाते आणि डावीकडे झुकते. ‘री’ची वेलांटी उजव्या दांड्यावरून निघून कमानीसारखी डावीकडे येते. मधला ‘स’ मात्र सपाट आहे, त्याच्या डोक्यावर काहीच नाही. म्हणजे या शब्दाला दोन्ही टोकांना उंची आणि मध्ये खळगा असा आकार आपोआप मिळालेला आहे. ‘दिवाळी’ हा लहान शब्द आणि वर्ष त्या खळग्यात बसू शकते. वेलांटी थोडी लांबवून तिला ओसरीच्या छपराचा उतार देता येतो. मात्र असा अलंकार एकच करावा. वेलांटीचे छप्पर, मात्रेची ज्योत आणि ‘स’च्या गाठीची रांगोळी असे तिन्ही केले तर शब्द वाचताच येत नाही.

आलेखाच्या कागदावर शिरोरेषा, पायरेषा, वरच्या मात्रांची सीमा आणि खालच्या उकारांची सीमा अशा चार रेषा आखून अक्षर पेन्सिलीने पक्के करावे. ते ६०० डीपीआयला स्कॅन करून पेन टूलने, म्हणजे बिंदू जोडून वळणदार रेघ काढणाऱ्या साधनाने, गिरवावे. बिंदू शक्य तितके कमी असावेत आणि वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकांवर ठेवावेत. मध्येच टाकलेला प्रत्येक जादा बिंदू वळणाला एक टेंगूळ देतो. मोठ्या आकारात ते टेंगूळ शिरोरेषेखालच्या गोलाईत लगेच दिसते. काम झाले की अक्षर उलटे करून पाहावे. वाचण्याची सवय बाजूला पडली की जाडीतल्या चुका स्वतःच पुढे येतात.

फाँटमधून घेतलेल्या मजकुराबाबतही काही गोष्टी इथेच सांगतो, कारण त्या मुखपृष्ठावरच्या छोट्या ओळींनाही लागू होतात. देवनागरीत अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. शब्द मोकळा दिसावा म्हणून रोमनमध्ये चालणारा हा उपाय इथे शब्दाचे तुकडे करतो. तसेच अक्षरांना बाहेरून रेघ दिली की प्रत्येक दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषेत एक उभी चीर दिसते, कारण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरे एकावर एक चढलेली असतात. म्हणून रेघ देण्यापूर्वी अक्षरांचे आकार बनवून ते एकत्र जोडून घ्यावेत. सरळ फाँट जबरदस्तीने तिरका करू नये. जोर द्यायचा असेल तर जाड वजन वापरावे.

चित्र रंगवणे

निवडलेले तीन छटांचे रेखाटन मोठ्या फाइलमध्ये सर्वांत खाली ठेवावे आणि तयार झालेले शीर्षक सर्वांत वर. चित्र रंगवताना शीर्षकाचा थर कधीही बंद करू नये, ही या प्रकल्पाची मुख्य अट आहे. शीर्षक समोर असले की हात आपोआप त्याच्याभोवती शांतता राखतो. बुरुजाचे टोक कुठे थांबवायचे आणि आकाशातली चांदणी कुठे ठेवायची नाही, हे ठरवावे लागत नाही.

थरांची व्यवस्था साधी असावी. मागचे आकाश आणि भिंत, मधला किल्ला, पुढची पणती व मावळे आणि वर उजेडाचा एक थर, एवढे पुरते. सत्तर थर करणारा विद्यार्थी शिक्षकाने ‘बुरूज थोडा डावीकडे घे’ असे म्हटल्यावर हतबल होतो. ब्रशही तीनच घ्यावेत, एक सपाट कडेचा, एक खरखरीत पोताचा आणि एक मऊ. मातीचे पोत तयार छायाचित्र चिकटवून आणण्यापेक्षा खरखरीत ब्रशने आणावे, कारण छायाचित्रातला उजेड आपल्या पणतीच्या दिशेने आलेला नसतो आणि डोळ्याला ती विसंगती खटकते, मग कारण सांगता येवो वा न येवो.

काम मोठ्या भागांकडून लहानाकडे न्यावे. पहिल्या दिवशी संपूर्ण चित्र फक्त अंधार आणि उजेड या दोन वस्तुमानांत असावे. दुसऱ्या दिवशी उजेडाची उतरंड करावी, म्हणजे ज्योतीजवळ सर्वांत तेजस्वी आणि दूर जाताना झपाट्याने मंद. इथे बहुतेकांची चूक होते. ते पणतीचा उजेड साऱ्या किल्ल्यावर सारखा पसरवतात आणि पणती विजेच्या दिव्यासारखी दिसू लागते. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो, हा भौतिकशास्त्राचा नियम चित्रकारानेही पाळायचा असतो. परातीतल्या किल्ल्यावर तुम्ही तो पाहिलेला आहे. पात्यांची टोके, चिखलाच्या भेगा आणि मावळ्याच्या पागोट्यावरचा सांडलेला रंग हे तपशील शेवटच्या दोन दिवसांत, आणि तेही फक्त उजेडाच्या वर्तुळात करावेत. अंधारात तपशील भरले तर उजेडाची किंमत राहत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र तयार करून देणाऱ्या साधनांविषयी माझी भूमिका स्पष्ट आहे. महाविद्यालयाचा नियम काय आहे ते आधी विचारावे आणि वापर केला असेल तर तो लिहून द्यावा. मात्र या प्रकल्पात मूल्यमापन निरीक्षणाचे आहे, आणि पणतीच्या उजेडात हळिवाचे पाते कोणत्या रंगाचे दिसते हे ज्याने स्वतः पाहिले नाही, त्याला त्या साधनाने दिलेले चित्र बरोबर आहे की चूक हेही सांगता येणार नाही.

पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग

मी विद्यार्थी असताना एका नियतकालिकासाठी रात्रीच्या आकाशाचे मुखपृष्ठ केले होते. पडद्यावर ते गडद निळे होते. छापून आले तेव्हा संपूर्ण आकाश वांग्याच्या रंगाचे झाले होते आणि हजार प्रती बांधूनही झाल्या होत्या. छापखान्याची काहीच चूक नव्हती. मी निळ्या रंगात सायन (छपाईची निळसर शाई) १०० टक्के आणि मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) ९५ टक्के ठेवला होता, आणि ही दोन्ही प्रमाणे एवढी जवळ आली की कागदावर जांभळाच रंग उमटतो. आजही तो अंक पाहिला की मला वाईट वाटते.

म्हणून निळ्या रंगात मॅजेंटा हा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी असावा. आपल्या चित्रातल्या आकाशासाठी सायन १००, मॅजेंटा ६५, काळा ४० असे प्रमाण घेऊन पाहावे. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि कागद शाईने, त्यामुळे पडद्यावरचे झळाळते नारिंगी, पोपटी आणि विद्युतनिळे रंग शाईत मिळतच नाहीत. पणतीची ज्योत छपाईत फिकी पडू नये यासाठी ज्योतीचा रंग भडक करण्याऐवजी तिच्या भोवतीचा अंधार थंड आणि गडद करावा. झेंडूचा नारिंगी रंग मॅजेंटा ६० आणि पिवळा १०० या जवळपास चांगला मिळतो, त्यात सायनचा थेंबही मिसळू देऊ नये, नाहीतर तो मळतो. सर्वांत गडद भागातही सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चारही शायांची बेरीज ३०० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. लहान अक्षरे केवळ काळ्या शाईत, १०० टक्के असावीत. चार शायांत छापलेले लहान अक्षर जराशा सरकण्यानेही धूसर होते.

चित्र आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत, रंगवायला हरकत नाही, पण छपाईतला रंग पडद्यावरच दाखवणारी सॉफ्ट प्रूफची सोय दररोज एकदा लावून पाहावी. शेवटच्या दिवशी सीएमवायके, म्हणजे चार शायांची रंगपद्धत, करून बसलेला धक्का पचवायला वेळ उरत नाही.

आतली दोन पाने

एका बाजूला कथेचे शीर्षक आणि लहान सजावटचित्र, दुसऱ्या बाजूला सलग मजकूर, एवढी मांडणी पुरेशी आहे. मजकूर युनिकोडमध्ये असावा. एखाद्या लेखकाचा किंवा डीटीपी केंद्राचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आला असेल तर फाँट बदलताच त्याची निरर्थक चिन्हे होतात, म्हणून तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर अक्षर न् अक्षर वाचून तपासावा. परिवर्तनात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. ‘डोंगरदऱ्या’चे ‘डोंगरदर्या’ झाले तर किल्ल्याच्या कथेत दरीऐवजी समुद्र येतो, आणि शुद्धलेखन तपासणारी सोय ते पकडीलच असे नाही.

अडोबीच्या प्रणालींत देवनागरी नीट जुळण्यासाठी मजकुराला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा अक्षरजुळणीचा पर्याय लावावा लागतो. तो नसेल तर ‘विशेषांक’मधली पहिली वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. मजकुराची भाषा मराठी अशी निवडणेही गरजेचे आहे. अनेक फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदीत रूढ असलेली रूपे मूळ म्हणून येतात आणि भाषा मराठी केल्यावरच मराठी वळणाची रूपे उमटतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण मानली आहेत. लहानपणापासून पाठ्यपुस्तकात पाहिलेले ‘ल’ पानावर नसेल तर वाचकाला कारण कळत नाही, पण पान परके वाटते.

फाँट विनामूल्य आणि चांगले उपलब्ध आहेत. सलग मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी मला विशेष आवडतो, कारण त्यात मराठी रूपे मुळातच दिलेली आहेत. उपशीर्षके, पानक्रमांक आणि चौकटींसाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता चालतो. मोठ्या कथाशीर्षकासाठी यात्रा वन हा मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला फाँट लावून पाहावा. हे तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत. कुठून तरी पेनड्राइव्हवर मिळालेला फाँट वापरू नये. एका पानावर दोनच फाँट ठेवावेत.

मजकुराचा आकार ११ पॉइंट घेतला तर दोन ओळींच्या पायांतले अंतर १६ ते १७ पॉइंट ठेवावे. रोमनच्या हिशेबाने १३ ठेवले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. एका ओळीत नऊ ते अकरा शब्द बसावेत. मराठीत ‘विद्यार्थ्यांबरोबरच्या’ अशी लांब रूपे वारंवार येतात, त्यामुळे अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये भगदाडे पडतात. अशा वेळी डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवावी. परिच्छेदाच्या आरंभी मोठे अक्षर घ्यायचे असेल तर पूर्ण अक्षर घ्यावे, म्हणजे ‘किल्ला’चा ‘कि’ वेलांटीसह आणि ‘स्वप्न’चा ‘स्व’ जोडाक्षरासह. त्या मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला जुळली पाहिजे, वेलांटी तिच्या वर जाईल तर जाऊ द्यावी. बहुतेक प्रणाली हे आपोआप करत नाहीत. अक्षर वेगळ्या चौकटीत घेऊन हाताने बसवावे लागते, आणि ते बसल्यावर पानाला जी स्थिरता येते ती पाहून ही पाच मिनिटे सार्थकी लागली असे वाटते.

छापून पाहणे आणि फाइल देणे

मुखपृष्ठाची रंगीत प्रत शंभर टक्के मापात छापून घ्यावी, ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवून. ती कापून एखाद्या जुन्या अंकाला गुंडाळावी आणि इतर अंकांच्या रांगेत उभी करावी. दिवाळीत विक्रेते अंक दोरीला लावून किंवा एकावर एक रचून ठेवतात, त्यामुळे गिऱ्हाईक ते दोन-तीन मीटरवरून आणि पुष्कळदा वरचा तिसरा हिस्साच पाहतो. तेवढ्यावरून ‘ओसरी’ वाचता येते का, हे घरातल्या एखाद्या आजीला विचारावे. आता अंक मोबाइलवरूनही विकले जातात, म्हणून तेच मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढे करून पडद्यावरही तपासावे. १० मिलिमीटरच्या कण्यावर मजकूर १४ पॉइंटच्या वर नेऊ नये, कारण वेलांटी आणि उकार धरून देवनागरीला उंची जास्त लागते. कण्यावर अक्षरे एकाखाली एक रचू नयेत, संपूर्ण ओळ आडवी फिरवावी.

सगळे मुद्रित दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावे. स्वतः घडवलेले शीर्षक माणूस वाचत नाही, पाहतो, आणि म्हणूनच सर्वांत मोठी चूक सर्वांत मोठ्या अक्षरात राहू शकते.

छपाईसाठी ब्लीड आणि कापण्याच्या खुणांसह पीडीएफ एक्स-१ए, म्हणजे छपाईसाठी ठरवलेल्या प्रकारची पीडीएफ, करावी. शीर्षकाचे आकार बनवलेले असावेत, आतल्या मजकुराचे फाँट फाइलमध्ये समाविष्ट असावेत. पीडीएफ पाठवण्यापूर्वी ती दुसऱ्या संगणकावर, जिथे आपले फाँट नाहीत तिथे उघडून वेलांट्या आणि रफार जागेवर आहेत का ते पाहावे. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक लिहावा, ‘अंतिम’ हा शब्द लिहू नये. मूळ फाइल, संदर्भचित्रे, फाँट आणि पीडीएफ वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

सादरीकरण

परीक्षकांसमोर छापलेले मुखपृष्ठ, गुंडाळलेला अंक आणि प्रक्रियेची वही एवढेच न्यावे. पुठ्ठ्यावर चिकटवलेली चकचकीत दृश्ये मला फारशी महत्त्वाची वाटत नाहीत. वहीत अंकांची मोजमापे, पणतीच्या उजेडातील रेखाटने, बोरूने लिहिलेले शंभर ‘ओसरी’ आणि टाकून दिलेली सतरा रेखाटने क्रमाने असावीत. परीक्षक हमखास विचारतात की हीच मांडणी का, आणि त्याचे उत्तर त्या सतरांपैकी एखादे रेखाटन उघडून, त्यात शीर्षक कुठे गुदमरत होते ते बोटाने दाखवून देता येते.